समुद्राच्या पाण्यातून युरेनियम काढणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समुद्रात युरेनियम नेमकं किती आहे?

एक घनमीटर पाण्यात, म्हणजे ढोबळमानाने एक टन पाण्यात, ३.३ मिलिग्रॅम. साऱ्या महासागरांचा हिशेब केला तर सुमारे ४.५ अब्ज टन भरतं. जगातल्या अणुभट्ट्यांना वर्षाला साधारण ६५ ते ७० हजार टन लागतं, त्यामुळे भागाकार केला की ६० हजारांहून जास्त वर्षांचा साठा दिसतो.

हा आकडा खरा आहे, पण कामाचा आकडा दुसराच आहे. एक किलो युरेनियम असलेलं पाणी किती? सुमारे ३ लाख घनमीटर. ऑलिंपिक मापाचे १२० तरणतलाव भरतील इतकं. आणि तेही पाण्यातला शेवटचा कण टिपला तर. झारखंडमधल्या जादुगुड्याचं खनिज जगाच्या तुलनेत हलक्या प्रतीचं मानलं जातं, तरी तिथे टनामागे काही शे ग्रॅम युरेनियम असतं. समुद्रात टनामागे तीन मिलिग्रॅम. या विषयातली प्रत्येक अडचण या फरकातून येते.

मग हा साठा अक्षय म्हणायचा का?

नद्या दरवर्षी सुमारे १० हजार टन विरघळलेलं युरेनियम समुद्रात आणून टाकतात. जगाची आजची सगळी गरज समुद्रातून भागवायची ठरवली तर उपसा या आवकेच्या सहा-सात पट होईल. पण मूळ साठाच इतका मोठा आहे की हजार वर्षं उपसा केला तरी पाण्यातलं प्रमाण दीड-दोन टक्क्यांनीच उतरेल. व्यवहारात साठ्याची चिंता करण्याचं कारण नाही. चिंता करावी ती युरेनियम पकडण्यासाठी समुद्रात सोडायच्या शोषक धाग्याची, दोराची आणि बोटीच्या डिझेलची.

पाण्यात ते कोणत्या रूपात असतं?

समुद्राचा पीएच ८.१ च्या आसपास असतो आणि त्यात कार्बोनेट भरपूर असतं. युरेनियम तिथे युरेनिल आयन म्हणून असतं आणि त्याला तीन कार्बोनेट घट्ट धरून बसलेले असतात. त्याभोवती पुन्हा कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. शोषक पदार्थाला युरेनियम पकडण्याआधी हे तिन्ही कार्बोनेट सोडवावे लागतात, आणि पकड मंद असण्याचं ते एक मोठं कारण आहे. बीकरमध्ये युरेनिल नायट्रेट घालून केलेला प्रयोग मिनिटांत संपतो, समुद्रात त्याच धाग्याला आठवडे लागतात.

पाणी पंपाने खेचून गाळून का घेत नाहीत?

हिशेब करून पाहू. ३ लाख घनमीटर पाणी एक मीटर उचलायला, पंप आदर्श धरला तरी, सुमारे ८२५ युनिट वीज लागते. नेहमीच्या हलक्या पाण्याच्या अणुभट्टीत एक किलो नैसर्गिक युरेनियमपासून ४० हजार युनिटच्या आसपास वीज मिळते. इथवर ठीक वाटतं. पण शोषकाच्या थरातून पाणी ढकलायला १० मीटरचा दाब लागतो असं धरा, पाण्यातलं २० टक्केच युरेनियम हाती लागतं असं धरा आणि पंपाची कार्यक्षमता ७० टक्के. खर्च जातो ५९ हजार युनिटवर. मिळणाऱ्या विजेपेक्षा जास्त!

हे करून पाहिलेलंही आहे. ब्रिटनमध्ये हारवेलच्या शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये टायटॅनियम ऑक्साइडचा मार्ग सुचवला. पुढे जपानने १९८० च्या दशकात कागावा प्रांतातल्या निओ इथे त्यावर प्रायोगिक संयंत्र चालवलं. टायटॅनियम ऑक्साइडची धारणक्षमता किलोमागे ०.१ ग्रॅमच्या घरात, दाणे झिजून पाण्याबरोबर वाहून जाणारे, आणि वर पंपांचं बिल. तेव्हापासून दिशा बदलली: पाणी शोषकाकडे आणायचं नाही, शोषक पाण्यात सोडायचा आणि काम प्रवाहावर सोपवायचं.

अणुवीज केंद्रं थंडाव्यासाठी पाणी खेचतातच. तिथेच शोषक लावला तर?

हा प्रश्न तारापूरकडे बोट दाखवून हमखास विचारला जातो. सरळ प्रवाहाने थंड होणाऱ्या १००० मेगावॅट केंद्राला सेकंदाला ५० घनमीटरच्या आसपास पाणी लागतं. वर्षभरात त्या पाण्याबरोबर सुमारे ५ टन युरेनियम ये-जा करतं. त्या भट्टीची वार्षिक गरज जवळपास २०० टन. म्हणजे एकही कण न सोडता टिपलं तरी अडीच टक्के. खारं पाणी गोडं करणाऱ्या प्रकल्पाचंही तसंच: दिवसाला १० कोटी लिटर गोडं पाणी देणारा प्रकल्प सव्वादोन लाख घनमीटर समुद्राचं पाणी घेतो, त्यात वर्षाला २७० किलोंच्या आसपास युरेनियम असतं.

तरीही या जागा चाचणीसाठी उत्तम आहेत. पाणी फुकट वाहतं, नांगर टाकावा लागत नाही, कोमट निचरा मिळतो आणि माणूस चालत जाऊन नमुना काढू शकतो. एक खबरदारी मात्र हवी: अशा पाण्यात शेवाळ आणि शिंपले वाढू नयेत म्हणून क्लोरीन सोडलेलं असतं. उरलेलं क्लोरीन धाग्यावरच्या ॲमिडॉक्सिमचं, म्हणजे युरेनियम पकडणाऱ्या रासायनिक गटाचं, ऑक्सिडीकरण करतं. नमुना लावण्याआधी क्लोरीनच्या मात्रेचं वेळापत्रक मागून घ्या.

ॲमिडॉक्सिम म्हणजे काय, आणि तेच का?

कार्बनच्या एकाच अणूवर एक अमाइन आणि एक ऑक्झाइम असलेला हा रासायनिक गट. जर्मनीत युलिश इथल्या संशोधकांनी १९८० च्या आसपास दोनशेहून अधिक कार्यगट तपासले, त्यात समुद्राच्या पीएचला टिकून युरेनियम धरणारा म्हणून हा गट पुढे आला. जपानमध्येही त्याच सुमारास याच गटावर काम सुरू झालं. त्यानंतर चार दशकांत शेकडो पर्याय सुचवले गेले, पण खऱ्या समुद्रात महिने काढून, धुऊन, पुन्हा पाण्यात जाण्याच्या परीक्षेत अजून हाच आघाडीवर आहे. तो स्वस्त कच्च्या मालापासून बनतो, हे त्याचं दुसरं बळ.

तंतू कसा तयार करतात?

आंब्याला जसं कलम करतात तसंच हे काम आहे. खोड पॉलिएथिलिनचं किंवा पॉलिप्रॉपिलिनचं, म्हणजे समुद्रात न कुजणारं आणि बळकट. त्यावर कलम युरेनियम धरणाऱ्या साखळ्यांचं.

१. धागा किंवा न विणलेलं कापड नायट्रोजनमध्ये बंद करून इलेक्ट्रॉन शलाकेखाली धरतात. किरणांची मात्रा साधारण २०० किलोग्रे. यामुळे पॉलिमरच्या साखळीवर मुक्त मूलकं, म्हणजे नवी साखळी जोडता येईल अशी क्रियाशील ठिकाणं, तयार होतात. लगेच पुढची पायरी शक्य नसेल तर धागा कोरड्या बर्फात ठेवतात, नाहीतर मूलकं विझतात.

२. हा धागा ॲक्रिलोनायट्राइल आणि मेथॅक्रिलिक आम्ल यांच्या डायमिथाइल सल्फॉक्साइडमधल्या द्रावणात बुडवतात. दोघांचं प्रमाण ७० ला ३० किंवा ६० ला ४०. तापमान ६० ते ६५ अंश, वेळ काही तासांपासून रात्रभर. आम्ल घालण्याचं कारण: नुसतं ॲक्रिलोनायट्राइल कलम केलं तर धागा पाणी धरत नाही आणि आतल्या जागांपर्यंत समुद्र पोचतच नाही.

३. डायमिथाइल फॉर्मामाइडने धुतात. कलम न झालेला, नुसता चिकटून राहिलेला पॉलिमर इथे निघून जातो. वाळवून वजन घेतात. वजनातली वाढ म्हणजे कलमाचं प्रमाण. मूळ वजनाइतकी किंवा त्याहून जास्त वाढ अपेक्षित असते.

४. पाणी आणि मिथेनॉल समसमान घेऊन त्यात १० टक्के हायड्रॉक्झिलअमाइन हायड्रोक्लोराइड विरघळवतात, पोटॅशियम हायड्रॉक्साइडने पीएच ७ वर आणतात आणि ८० अंशांवर दोन-तीन दिवस ठेवतात. नायट्राइलचं ॲमिडॉक्सिम होतं.

५. समुद्रात सोडण्याआधी अडीच टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ८० अंशांवर सुमारे तासभर. धागा फुगतो, आम्लगट उघडे होतात. मग पाण्याने सामू उदासीन होईपर्यंत धुणं.

या पायऱ्यांत काय बिघडतं?

सर्वांत जास्त वेळा ऑक्सिजन. कलमाच्या द्रावणातून नायट्रोजनचे बुडबुडे पुरेसे सोडले नाहीत तर मूलकं ऑक्सिजनशी बांधली जातात आणि वजनवाढ शंभरऐवजी वीस टक्क्यांवर अडकते. दुसरं, बाजारात मिळणाऱ्या ॲक्रिलोनायट्राइलमध्ये ते आपोआप घट्ट होऊ नये म्हणून रोधक घातलेला असतो. तो काढला नाही की अभिक्रिया उशिरा सुरू होते आणि प्रत्येक घाण्याचा निकाल वेगळा येतो. तिसरं, साखळ्या धाग्याऐवजी द्रावणातच वाढल्या तर भांड्यात चिकट लगदा होतो, धागे एकमेकांना चिकटतात. मग तो घाणा टाकून देण्यावाचून इलाज नाही.

शेवटच्या अल्कलीच्या पायरीत लोक घाई करत नाहीत, उलट जास्त वेळ ठेवतात आणि तिथेच फसतात. तास-दीड तासापुढे ॲमिडॉक्सिमचं हळूहळू कार्बोक्झिलेट होऊ लागतं. धागा हाताला मऊ, छान फुगलेला लागतो, पण युरेनियमची धारणा उतरते. आणि अल्कलीत फुगवलेला धागा पुन्हा वाळू देऊ नये. तो ओलाच ठेवायचा, ओलाच समुद्रात न्यायचा.

ॲक्रिलोनायट्राइल ज्वलनशील, विषारी आणि कर्करोगकारक आहे. हायड्रॉक्झिलअमाइनचे क्षार तापवले तर स्फोटक विघटन होऊ शकतं. धूर ओढणारं कपाट, तापमानावर कडक नजर आणि धातूंचे अंश दूर ठेवणं या तीन गोष्टींत तडजोड नको.

किलोमागे किती ग्रॅम युरेनियम मिळतं? काही ठिकाणी हजार ग्रॅमच्या वर आकडे वाचले.

असले आकडे खोटे नसतात, ते वेगळ्या पाण्याचे असतात. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या गटाने २०१७ मध्ये ॲमिडॉक्सिम लावलेल्या कार्बनच्या विद्युतअग्रावर अर्ध-लहरी प्रत्यावर्ती विद्युतदाब देऊन ग्रॅममागे १,९३२ मिलिग्रॅम धारणा दाखवली. ती पाण्यात युरेनियम मुद्दाम भरपूर घालून. कल्पना मोलाची आहे, पण तो आकडा समुद्राचा नव्हे.

खऱ्या समुद्राचे आकडे असे: जपानच्या न विणलेल्या कापडाने ३० दिवसांत किलोमागे ०.५ ग्रॅम. ओकिनावाजवळच्या कोमट पाण्यात वेणीसारख्या शोषकाने ३० दिवसांत १.५ ग्रॅम. अमेरिकेच्या ओक रिज प्रयोगशाळेने बनवलेल्या आणि वॉशिंग्टन राज्यातल्या सिक्विमच्या सागरी प्रयोगशाळेत तपासलेल्या तंतूने ५६ दिवसांत, २० अंशांना, ४ ग्रॅमच्या जवळ. म्हणजे पाण्यातल्या प्रमाणाच्या १२ लाख पट दाट केलं. ही लहान गोष्ट नाही.

कुठलाही नवा शोध वाचताना चार गोष्टी पाहा: पाणी खरं की बनवलेलं, दिवस किती, तापमान किती, आणि धागा धुऊन पुन्हा वापरताना कितव्या फेरीचा आकडा. चारपैकी एक जरी लिहिलेली नसेल तर त्या आकड्यावर खर्चाचा हिशेब बांधू नका.

जपानने समुद्रात प्रत्यक्ष काय केलं?

आओमोरी प्रांतातल्या मुत्सु-सेकिने किनाऱ्यापासून सुमारे ७ किलोमीटर आत, १९९९ ते २००१ या काळात, तरंगत्या चौकटीखाली शोषक कापडाच्या गठ्ठ्यांचे पिंजरे टांगले. एकूण कापड ३५० किलो, पाण्यातले एकूण दिवस २४०. हाती आलं एक किलोहून थोडं जास्त युरेनियम, यलोकेकच्या, म्हणजे युरेनियमच्या पिवळ्या संयुगाच्या रूपात. खुल्या समुद्रातून किलोभर युरेनियम काढून दाखवणारा हा प्रयोग आजही मैलाचा दगड आहे.

त्यातून शिकायला मिळालं ते रसायनापेक्षा नांगराबद्दल. तरंगती चौकट आणि धातूचे पिंजरे जड, त्यांना धरून ठेवणारे दोर आणि नांगर त्याहून जड, आणि खर्चाचा मोठा वाटा त्यातच गेला. म्हणून पुढच्या आराखड्यात चौकटच काढून टाकली. समुद्रतळाला एक टोक बांधलेल्या, वर तरंगणाऱ्या ६० मीटर लांबीच्या वेण्या, समुद्री शेवाळाच्या उभ्या जंगलासारख्या. काढायच्या वेळी तळाशी असलेली कळ सोडायची, वेणी वर येते, बोट गोळा करते.

भारतात यावर काम झालं आहे का?

होय, मुंबईतच. ट्रॉम्बे इथल्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या निर्लवणीकरण विभागाने पॉलिप्रॉपिलिनच्या न विणलेल्या कापडावर इलेक्ट्रॉन शलाकेने कलम करून ॲमिडॉक्सिम शोषक बनवले आणि सायरस अणुभट्टीच्या धक्क्याजवळच्या पाण्यात तपासले. हाती आलेलं युरेनियम मायक्रोग्रॅम-मिलिग्रॅमच्या मापाचं होतं, पण कापड बनवण्यापासून शुद्ध पदार्थ मिळवण्यापर्यंतची साखळी पूर्ण झाली.

भारतासाठी या विषयाला एक वेगळी किनार आहे. आपल्या जड पाण्याच्या भट्ट्या नैसर्गिक युरेनियमवरच चालतात, समृद्धीकरण, म्हणजे त्यातल्या युरेनियम-२३५ चं प्रमाण वाढवणं, लागत नाही. समुद्रातल्या युरेनियममध्येही युरेनियम-२३५ चं प्रमाण खाणीतल्यासारखंच ०.७ टक्के असतं. ७०० मेगावॅटच्या भट्टीची उष्णताशक्ती सुमारे २,१६६ मेगावॅट. वर्षात ८५ टक्के वेळ चालली आणि टन इंधनामागे ७,००० मेगावॅट-दिवस उष्णता मिळाली, तर वर्षाला ९५-१०० टन युरेनियम लागतं. एक किलोपासून सुमारे ५४ हजार युनिट वीज. खाणीतून काढलेल्या किलोमागे हलक्या पाण्याच्या भट्टीपेक्षा हे जास्त आहे, कारण समृद्धीकरणात मागे टाकलं जाणारं युरेनियम इथे नसतं.

कोकण किनाऱ्यावर शोषक टाकला तर चालेल?

तापमान आपल्या बाजूने आहे. ही पकड उष्णता शोषून घेणारी प्रक्रिया आहे. पाणी १० अंशांनी गरम झालं की धारणा साधारण दीडपट होते, असा जपानी अनुभव. आपल्याकडे पाणी बहुतेक काळ २५ ते ३० अंशांच्या घरात असतं, मुत्सुला ही चैन नव्हती.

बाकीच्या गोष्टी विरोधात जातात. जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला. मासेमारीही १ जूनपासून ६१ दिवस बंद असते, आणि शोषकाची शेतीसुद्धा ऑक्टोबर ते मे अशी आठ महिन्यांचीच धरावी लागेल. खाडीच्या तोंडाशी टाकणं तर टाळावंच. युरेनियमचं प्रमाण खारटपणाबरोबर वर-खाली होतं: खारटपणा ३५ (किलो पाण्यात ३५ ग्रॅम मीठ) असताना टनामागे ३.३ मिलिग्रॅम, पावसाळ्यात खाडीत तो १० वर आला की युरेनियमही एक मिलिग्रॅमच्या खाली. शिवाय गाळ. मुंबईपासून खंबातच्या आखातापर्यंत भरती-ओहोटी जोराची आणि पाणी गढूळ. बारीक माती तंतूंवर लेपासारखी बसते आणि आतल्या तंतूंपर्यंत पाणी जाऊ देत नाही. लक्षद्वीप किंवा अंदमानचं नितळ पाणी शोषकासाठी चांगलं, पण तिथे प्रवाळ आहेत, आणि प्रवाळावर दोर घासू देणं कुणालाही मान्य होऊ नये.

प्रवाह फार वेगाचा नको. सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त वेग तंतूच्या प्रत्यक्ष सान्निध्यात मिळाला की पुरतं, त्यापुढे पकडीचा वेग रसायन ठरवतं, पाणी नाही. वेणी मात्र सैल हवी. घट्ट वळलेल्या वेणीचा गाभा महिनाभरानंतरही जवळपास कोरा निघू शकतो.

शेवाळ आणि शिंपले चिकटत नाहीत का?

चिकटतात, आणि त्याचं मोजमापही झालेलं आहे. सिक्विममध्ये न गाळलेल्या पाण्यात, उजेडात सहा आठवडे ठेवलेल्या तंतूंची धारणा सुमारे ३० टक्के घटली. तसेच तंतू अंधारात ठेवले तर घट जवळजवळ दिसली नाही. म्हणजे उजेड जिथे पोचत नाही त्या खोलीवर टाकणं हा सर्वांत स्वस्त उपाय. अडचण अशी की खोल गेलं की पाणी थंड होतं आणि धारणा उतरते. प्रत्येक ठिकाणी या दोन रेघा कुठे छेदतात ते मोजूनच खोली ठरवावी लागते.

बोटीच्या बुडाला लावतात तसला तांब्याचा रंग चौकटीला लावू नका. त्यातून सुटलेलं तांबं सरळ ॲमिडॉक्सिमवर जाऊन बसतं.

व्हॅनेडियमची एवढी तक्रार का ऐकू येते?

कारण शोषकाला युरेनियमपेक्षा व्हॅनेडियम जास्त आवडतं. समुद्रात ते टनामागे दोन मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे युरेनियमहून कमी, तरी धाग्यावर ते युरेनियमपेक्षा जास्त सापडतं. लोह, तांबं, जस्त, निकेलही येतात, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम तर ढिगाने. किलोभर धाग्यावर ॲमिडॉक्सिमचे गट काही मोल असतात. ४ ग्रॅम युरेनियम म्हणजे ०.०१७ मोल. बहुतांश जागा दुसरेच बळकावून बसलेले असतात. व्हॅनेडियम इतकं घट्ट बसतं की ते काढायला तीव्र आम्ल लागतं, आणि तीव्र आम्लाने ॲमिडॉक्सिमच खराब होतं. सौम्य धुलाई केली तर व्हॅनेडियम मागे राहतं आणि दर फेरीला साचत जातं. या कोंडीतून वाट काढणारा कार्यगट ज्याला सापडेल, त्याने अर्धी लढाई जिंकली.

धाग्यावरचं युरेनियम सोडवतात कसं?

पूर्वी अर्धा ते एक मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल वापरत. काम चोख, पण धागा प्रत्येक वेळी झिजायचा. आता कल बायकार्बोनेटकडे आहे: एक मोलर सोडियम बायकार्बोनेट किंवा तीन मोलर पोटॅशियम बायकार्बोनेट, ४० अंश तापमान, काही तास ते एक दिवस. तत्त्व साधं आहे. समुद्रात ज्या कार्बोनेटपासून युरेनियम हिसकावून घेतलं, त्याच कार्बोनेटची गर्दी केली की ते परत जातं. सोडियम कार्बोनेटमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड घातलं तर तासाभरात काम होतं, पण पेरॉक्साइड वारंवार वापरलं की धाग्याला इजा होते.

त्याआधी धागा गोड्या पाण्याने धुऊन मीठ आणि चिखल घालवायचा. नंतर द्रावणातलं युरेनियम आयन-विनिमय रेझिनने किंवा द्रावक निष्कर्षणाने दाट करायचं आणि डाययुरेनेट म्हणून खाली बसवायचं. तोच पिवळा यलोकेक. यापुढचं सगळं खाणीतल्या मालासारखंच, हैदराबादच्या अणुइंधन संकुलात होतं तसं. अमेरिकेत २०१८ मध्ये ॲक्रिलिकच्या साध्या धाग्यापासून बनवलेल्या शोषकाने समुद्रातून ५ ग्रॅम यलोकेक काढून दाखवला. कच्चा माल म्हणून स्वेटरचा धागा चालू शकतो, हे त्यातलं महत्त्वाचं.

खर्च किती येतो?

खर्च ठरतो तो धागा किती फेऱ्या टिकतो यावर. उदाहरणादाखल धागा ५०० रुपये किलोने बनला आणि पहिल्या फेरीला ४ ग्रॅम देतो असं धरू. एकदाच वापरून टाकला तर एक किलो युरेनियमला २५० किलो धागा, म्हणजे सव्वा लाख रुपये नुसते धाग्याचे. दर फेरीला ५ टक्के घट आणि २० फेऱ्या धरल्या तर आयुष्यभरात किलोमागे ५१ ग्रॅम मिळतात आणि धाग्याचा खर्च दहा हजारांच्या आत येतो. घट २० टक्के असेल तर त्याच वीस फेऱ्यांत फक्त २० ग्रॅम. म्हणून पहिल्या फेरीत ६ ग्रॅम देऊन गळपटणाऱ्या धाग्यापेक्षा ३ ग्रॅम देऊन वर्षानुवर्षं टिकणारा धागा आम्ही पसंत करू.

यात बोट, दोर, नांगर, रसायनं, माणसं धरलेली नाहीत. जपानी आणि अमेरिकी अंदाज सगळं धरून किलोला काही शे डॉलर ते हजार डॉलरच्या पट्ट्यात फिरतात. खाणीतलं युरेनियम ऑक्साइड पौंडाला ८० डॉलरने मिळालं तर त्यातलं युरेनियम किलोला साधारण २०८ डॉलर पडतं. आज समुद्र हरतो. पण जड पाण्याच्या भट्टीत किलोमागे ५४ हजार युनिट मिळत असतील आणि डॉलर ८५ रुपयांना धरला, तर हजार डॉलर किलोचं युरेनियमसुद्धा युनिटमागे एक रुपया ५७ पैशांचा भार टाकतं. कोळशाचा भाव पाचपट झाला तर वीज परवडणार नाही, युरेनियमचा झाला तरी भट्टी चालू राहू शकते. समुद्रावरचं संशोधन सोडू नये असं वाटतं ते या कारणाने: खाणीच्या भावाला वरून एक मर्यादा पडते.

७०० मेगावॅटच्या एका भट्टीसाठी किती धागा लागेल?

किलो धाग्याने वर्षाला सरासरी १५ ग्रॅम दिले, म्हणजे ३ ग्रॅमच्या पाच फेऱ्या, तर १०० टनांसाठी जवळपास ६,७०० टन धागा सतत पाण्यात हवा. आठ महिन्यांच्याच हंगामात चार फेऱ्या बसतात, मग आकडा ८,३०० टनांच्या वर सरकतो. म्हणून मॅसेच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या अभियंत्यांनी शोषक समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या खांबांना जोडण्याचे आराखडे मांडले: नांगर आधीच टाकलेला, वीज जवळ, आणि शोषकाची साखळी खांबावरच धुऊन परत खाली. त्यांचा दुसरा विचार आणखी पटण्यासारखा आहे. ताण सोसायचं काम कठीण, भोकाभोकांच्या कवचाला द्यायचं आणि युरेनियम धरायचं काम आतल्या शोषकाला. एकाच धाग्याने दोन्ही करावं हा हट्ट सोडला की रसायनाला मोकळीक मिळते.

समुद्राला किंवा हाताळणाऱ्याला अपाय?

युरेनियमच्या किरणोत्साराची भीती इथे फारशी लागू नाही. लिटरभर समुद्रपाण्यात पोटॅशियम-४० चे सुमारे १२ बेकरेल असतात, युरेनियम-२३८ चे ०.०४. रेडियमसारखी वंशज मूलद्रव्यं खाणीतल्या खनिजाबरोबर येतात तशी इथे धाग्याबरोबर येत नाहीत, आणि मागे खाणीच्या गाळाचं तळंही उरत नाही. खरी काळजी आहे ती प्लॅस्टिकची. हजारो टन बारीक तंतू लाटांवर झिजले तर सूक्ष्म तुकडे सुटणारच. तुटलेल्या वेण्यांत कासवं, मासे अडकू शकतात. पाण्यात गेलेल्या आणि परत आलेल्या धाग्याचं कोरडं वजन दर फेरीला जुळवणं ही किमान शिस्त हवी.

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत याची चाचणी करता येईल?

शोषणाची चाचणी करता येते, आणि तिला मोठा साठा लागत नाही. ५० ते १०० मिलिग्रॅम धागा लहान स्तंभात काचेच्या मण्यांमध्ये सैल भरा. ०.४५ मायक्रॉनमधून गाळलेलं समुद्राचं ताजं पाणी मिनिटाला २५०-३०० मिलिलिटरने त्यातून सोडा, तापमान २० अंशांवर स्थिर. आठवड्याच्या अंतराने थोडा धागा कापून घ्या, धुऊन वाळवून तोला, ५० टक्के अम्लराजात ८५ अंशांवर तीन तास विरघळवा आणि आयसीपी-एमएसवर, म्हणजे धातूंचे सूक्ष्म अंश मोजणाऱ्या यंत्रावर, मोजा. बादलीभर पाणी पुनःपुन्हा फिरवू नका. १०० मिलिग्रॅम धाग्याला ०.४ मिलिग्रॅम युरेनियम हवं, आणि तेवढं असतं १२० लिटरमध्ये. २० लिटरच्या कॅनमध्ये धागा उपाशीच राहणार आणि तुम्ही त्याला नालायक ठरवणार.

पाण्यातलं युरेनियम मोजताना मीठ यंत्राला त्रास देतं. नमुना वीसपट पातळ करा, प्रमाणित भर घालण्याची पद्धत वापरा, आणि प्रत्येक मालिकेत प्रमाणित समुद्रजल व कोरा नमुना ठेवा. खारटपणा दर आठवड्याला नोंदवा आणि निकाल ३५ च्या खारटपणाला व ३.३ मिलिग्रॅमच्या प्रमाणाला आणूनच मांडा, नाहीतर पावसाळ्यातला आणि उन्हाळ्यातला धागा शेजारी ठेवून तुलना होत नाही. युरेनियम हा कायद्याने नियंत्रित पदार्थ आहे. समुद्रपाण्यातले मायक्रोग्रॅम मोजणं वेगळं आणि युरेनिल नायट्रेटची बाटली विकत घेऊन ठेवणं वेगळं. दुसऱ्यासाठी आधी परवानगी काढा.